पिवळी झाक

पुन्हा तेच. संगणकाच्या पडद्यावर बायकोच्या चेहऱ्यावर पिवळी झाक होती, आणि लेन्स तर कोरी करकरीत होती.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. दुकानदाराने सकाळी ही लेन्स फक्त वापरून बघायला दिली होती. पाच वाजता तिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. घ्यायची तर त्याच्या आत सांगायचं, नाहीतर नेऊन द्यायची.

"झालं का?" स्टुलावरून बायको म्हणाली. "बावीस वर्षं इथे बसतेय. स्टूल झिजलं, मी झिजले, तुमचं काही ठरत नाही."

"हलू नकोस. आणि ते हात खाजवणं थांबव जरा."

"खाज सुटते त्याला मी काय करू? साबण बदललाय ना." तिने शेजारचा चहाचा कप उचलला, एक घोट घेऊन तसाच खाली ठेवला. सकाळचा चहाही तिने असाच ठेवला होता.

स्टुडिओ उघडला तेव्हापासूनचा त्याचा नेम होता. दिवसाचा पहिला फोटो बायकोचा. तिच्या चेहऱ्याचा रंग त्याला पाठ होता. पडद्यावर तो जसाच्या तसा आला, की कॅमेऱ्याच्या रंगांची जुळणी झाली. मग दिवसभर सगळी गिऱ्हाइकं त्याच जुळणीवर. लोक म्हणत, तुमच्या फोटोत माणूस खरा दिसतो. तो लाजून बायकोकडे बोट दाखवी.

तीन आठवड्यांपूर्वी ती झाक पहिल्यांदा दिसली. अगदी पुसट. त्याने पिवळा थोडा कमी केला. चार दिवसांनी आणखी थोडा. जुन्या लेन्सची काच वयाने पिवळी पडते, असं त्याने कधीतरी ऐकलं होतं, आणि त्याची लेन्स स्टुडिओच्याच वयाची होती. मग तक्रारी सुरू झाल्या. एका आईने काउंटरवर फोटो ठेवला आणि विचारलं, "माझी पोर अशी निळी का दिसते? थंडीत काकडल्यासारखी?" परवा शाळेचा निरोप आला. ओळखपत्रांचे सगळे फोटो सोमवारपर्यंत परत काढून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. त्या शाळेवर त्याचं निम्मं वर्ष निघत असे.

म्हणून नवी लेन्स. आणि आता तीही पिवळी.

त्याने दुकानदाराला फोन लावला. त्याला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. आज आवाज चढला आणि चढताना कापलाही.

"तुम्ही मला कुणाची तरी वापरलेली लेन्स दिलीत."

"भाऊ, डबा तुम्ही माझ्यासमोर फोडलात," दुकानदार शांतपणे म्हणाला. "जुन्या लेन्सचं खापर नव्या लेन्सवर नका फोडू. समोर कोण बसलंय?"

"बायको."

"मग आधी केलेली सगळी जुळणी काढून टाका. वहिनींना कोरा कागद द्या, गालाला लावून धरू देत. कागद पिवळा आला तर मी लेन्स परत घेतो आणि दुकानाला कुलूप लावतो. मी फोनवरच थांबतो."

त्याने चालू फोन टेबलावर ठेवला, सगळी जुळणी काढून टाकली आणि कागद बायकोच्या हातात दिला.

"आज कागद. उद्या छातीवर पाटी धरायला लावाल, कैद्यासारखी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "भिंतीला टेकून बसले तर चालेल का? उगाच दमल्यासारखं होतंय."

"दोन मिनिटं. कागद हलवू नकोस."

त्याने फोटो काढला. पडद्यावर कागद पांढराशुभ्र होता. त्याला सुटल्यासारखं झालं. लेन्स चांगली होती. घ्यायची. त्या किमतीत गळकं छप्पर दुरुस्त झालं असतं, पण शाळा हातची जाण्यापेक्षा बरं. आता फक्त खात्रीसाठी त्याने जुनी लेन्स चढवली. तोच उजेड, तोच कागद. खटका दाबला.

कागद पांढराशुभ्र.

त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. कागदात तसूभरही फरक नव्हता. त्याने पहिला फोटो मोठा केला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आता कागदाची नुसती कड दिसत होती, आणि तिला लागून बायकोचा डोळा. कागद पांढरा होता. डोळ्यातलं पांढरं पांढरं नव्हतं.

त्याने पडद्यावरून मान वर केली आणि खिडकीच्या उजेडात बसलेल्या बायकोकडे पाहिलं. मधे काच नव्हती.

"काय हो?" ती म्हणाली. "एवढी वाईट आलेय?"

टेबलावरच्या फोनमधून आवाज आला. "भाऊ, आहात ना? पाचला पाच मिनिटं कमी आहेत. मग? कुठली लेन्स खराब निघाली?"

"एकही नाही," तो म्हणाला. त्याने तिच्या हातातून कागद काढून घेतला. "ऊठ, पायात चप्पल घाल. दवाखाना अजून उघडा असेल."