चौऱ्याहत्तर ठोके

"पाच मिनिटं, पेककाका," केझाया म्हणाली. "नुसते दारात उभे राहिलात तरी चालेल. बाबांना तुम्हाला एकदा बघायचंय."

असाहेल पेक चर्चच्या पायऱ्या झाडत होता. त्याने मान वर केली नाही.

"गव्हर्नरसाहेबांना सांग, घंटावाला कामात आहे."

"डॉक्टर म्हणतात, उद्याचा दिवस काही निघत नाही."

"मग माझं काम उद्याच आहे की." तो छातीवर हात ठेवून पायरीवर टेकला. दम खाऊन म्हणाला, "पुरुषाचे आधी नऊ ठोके, मग वयाचे. तुझ्या बाबाचे चौऱ्याहत्तर. एकही चुकवणार नाही. तीस वर्षं वाट बघतोय मी."

गावात घंटा वाजली की बायका पिठातला हात तसाच थांबवून ठोके मोजायच्या, आणि कोण गेलं ते कळायचं.

एकेकाळी पेकचं आणि केझायाच्या बाबांचं गूळपीठ होतं. दोघांच्या आया एकाच थंडीत बाळंत झालेल्या. शाळेत बाक एक, स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांशी लढताना तुकडी एक. पुढे एलिफलेट थ्रॉल नव्या राज्याचा गव्हर्नर झाला, चारदा निवडून आला. चौथ्या खेपेला काही तरुणांनी न्यायालय पेटवलं, आत पहारेकरी जळून मेला. पाच जणांना फाशी झाली. त्यांत पेकचा रूबेन होता.

पेक बर्फातून तीस मैल चालत राजधानीला गेला होता. थ्रॉल म्हणाला, "मित्राच्या पोराला माफी दिली, तर बाकीच्या चौघांच्या आयांना काय तोंड दाखवू?"

रूबेनची घंटा बापानेच वाजवली. नऊ, मग बावीस. त्यानंतर पेक थ्रॉलशी एक शब्द बोलला नाही. थ्रॉलही पुन्हा निवडणुकीला उभा राहिला नाही. राज्याने त्याला न्यायी म्हटलं, पण त्या न्यायाने माणूस आतून पार पोखरून निघाला होता.

केझाया घरी आली तेव्हा थ्रॉल दाराकडेच बघत होता.

"काय म्हणाला?"

तिच्याने खरं सांगवेना. "हातातलं काम आटपून येतो म्हणाले."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने धुतलेला सदरा मागून घेतला. उशा लावून बसवायला लावलं. सफरचंदाच्या दारूचे दोन पेले भरून ठेवायला सांगितले. "त्याला आंबट आवडते," तो म्हणाला. केझाया स्वयंपाकघरात जाऊन रडली.

दुपार कलली. थ्रॉल दर थोड्या वेळाने विचारी, "फाटक वाजलं का गं?"

फाटक वाजलं नाही. घंटा वाजली.

नऊ ठोके. मग पुढचे. थ्रॉलचे ओठ हलू लागले, तो मोजत होता. साठ. सत्तर. चौऱ्याहत्तरवर घंटा थांबली.

"माझेच," तो म्हणाला. "तेवढाही धीर धरवला नाही त्याला." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

केझाया शाल न घेताच धावत सुटली. तिला असा संताप कधी आला नव्हता. चर्चचं दार तिने धाडकन उघडलं. आत दोर हातात धरून पेकची बायको मर्सी उभी होती.

"बाबा जिवंत आहेत अजून!" केझाया ओरडली. "मरणाऱ्याला त्याचीच घंटा ऐकवता? तीस वर्षांत पोट भरलं नाही का काकांचं? कुठे आहेत ते?"

मर्सीने बाकाकडे बोट दाखवलं. पेक तिथे आडवा होता. अंगात रविवारचा कोट, पायात पुसून लख्ख केलेले बूट.

"तुझ्या बाबांची नाही गं ही घंटा," मर्सी म्हणाली. "हेही चौऱ्याहत्तरचेच. तू गेलीस आणि यांनी कोट मागितला. ओढ्याच्या पुलावर दम लागला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत; लोकांनी उचलून इथे आणलं. तुमच्याकडेच निघाले होते."