पाठमोरी

"चांगलं मलम सरपंचाच्या घरात आन पांचट आमच्या पायाला. आमाला काय कळत न्हाय?" धर्माजी उठून उभा राहिला. त्याच्या मागून बायकाही पदर झटकत उठल्या.

डॉक्टर तेजस्वीने हात जोडले. रेवदंड्याच्या बंदरावर मासळी निवडताना पायात काटे जात, शिंपले कापत. ज्यांच्या अंगात साखर, त्यांच्या जखमा भरतच नसत. नवं मलम आलं होतं. ते जुन्याहून खरंच गुणी का, हे पाहायला निम्म्यांना नवं आणि निम्म्यांना जुनं द्यायचं होतं. ट्यूब सगळ्या सारख्याच पांढऱ्या, वर नुसते आकडे. कुठलीत काय आहे, ते इथे कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही.

"साखरवाले सगळे एका बाजूला गेले तर मलम उगाच बदनाम होईल," ती सांगत होती. "म्हणून आधी साखरवाले वेगळे, बिनसाखरेचे वेगळे. त्यातही मोठी जखम, लहान जखम…"

कुणी ऐकेना. समाजमंदिराच्या खालच्या पायरीवर केसर पाय पसरून बसली होती. अंगठा भरला नाही तर कापावा लागेल, असं तिला सांगितलं होतं. उठणाऱ्या माणसांकडे ती बघत राहिली. ही माणसं गेली की मलमही जाणार होतं.

"थांबा रं!" तिची सासू नीराबाई ओरडली. कट्ट्यावर ती एकटीच बसली होती, पायात मुलाचे काळे गमबूट. "सुरमई आन बोंबील एका ढिगात टाकून कोन वाटं घालतो? सुरमईचं निराळं, बोंबलाचं निराळं, मग एकेका ढिगाचं सारखं दोन वाटं. बाय तेच सांगते हाय."

धर्माजी थांबला. "आन पुकारनार कोन?"

बंदरावर वाटे घातले की एकाने पाठमोरं व्हायचं. दुसऱ्याने वाट्याला बोट लावून विचारायचं, 'ह्यो कुनाचा?' पाठमोऱ्याने नाव पुकारायचं. पुकारणाऱ्याचा स्वतःचा वाटा मात्र त्यात नसावा, नाहीतर सगळी वाटणी मोडते. घरची होडी विकल्यापासून हे काम नीराबाईकडेच होतं. तिच्या शब्दावर भांडण झालेलं कुणाला आठवत नव्हतं.

"तूच पुकार, नीरे," धर्माजी म्हणाला.

नीराबाई खाडीकडे बघत राहिली. भरती लागली होती.

"दुसरं कोन न्हाय?"

"दुसऱ्याला मी मानत न्हाय."

"माझी सून हाय त्यात."

"सून चालंल. तुझा वाटा नसला म्हंजे झालं."

"माझा कसला रं वाटा," नीराबाई म्हणाली आणि कट्ट्यावरच पाठ फिरवून बसली. "दर्याचं दान, ज्याचं त्याला!"

तेजस्वीने पहिल्या ढिगातल्या ट्यूबवर बोट ठेवलं. "हा कुणाचा?"

"केसरचा."

शिमगा झाला. केसर रोज पाय धुई, मलम लावी. नीराबाई अंगणात बसून आपलं काहीबाही गुणगुणे. देवळात गेली तरी बाहेरच थांबे.

"आय, आता ते बूट काढा की," केसर हसून म्हणायची. "सरणावर पन घालूनच जाताव का?"

"लेकाचं हायत. तो आगबोटीवर, बूट तरी घरात फिरू दे."

एकदा तेजस्वी केसरचा पाय बघत असताना म्हातारीने हळूच विचारलं, "बाय, माझ्याएवढ्या बाईची जखम भरती का गं?"

"भरते की, आजी. तुमच्या सुनेचं तर वय काहीच नाही. घाबरू नका."

"घाबरत न्हाय. इचारलं आपलं."

केसरच्या अंगठ्याला कोवळी गुलाबी कातडी धरली, तसा धर्माजीने टोमणा मारलाच. "सासूनं बरोबर वाटा काढला!"

"तुझी पन भरली की रं," नीराबाई म्हणाली. "तुझी काय मी आय लागते?"

सगळे हसले. धर्माजीही.

नारळी पौर्णिमेच्या आधी तेजस्वी पुन्हा आली, ती जवळजवळ धावतच. साखरवाल्यांत, बिनसाखरेच्यांत, मोठ्या जखमांत, लहान जखमांत, सगळ्याच ढिगांत नवं मलम सरस ठरलं होतं. केसरच्या ट्यूबमध्ये नवं होतं. धर्माजीच्या ट्यूबमध्ये जुनं. त्याची लहान जखम जुन्यानेही भरली होती.

"वाटणी चोख झाली, आजी," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

"म्हंजे आता पुकारायचं न्हाय?"

"नाही. आता ज्याला जखम, त्याला हेच मलम."

"वाटं संपलं? नक्की?"

"नक्की, आजी."

नीराबाई कट्ट्यावरून उतरली. केसर बसायची त्या खालच्या पायरीवर, या वेळी डॉक्टरणीकडे तोंड करून बसली. दोन्ही हातांनी तिने डावा गमबूट ओढून काढला. आत जुन्या लुगड्याची पट्टी होती, हळदीने पिवळी झालेली.

"तर मग बघ गं बाय," ती म्हणाली, "ह्यो भरतो का."