मालक घरी नाहीत

गाडी फाटकाशी थांबली तेव्हा मालक गळाच्या काठ्या सरपणाच्या ढिगामागे दडवत होते. पाच आत गेल्या, सहावीचं टोक बाहेरच राहिलं. त्यांनी त्यावर गोणपाट टाकलं, अंगातला फाटका स्वेटर खाली ओढला आणि राखणदार चालतो तसे पाय ओढत फाटकाकडे निघाले.

दलालाचा एक नियम होता. गिऱ्हाईक घर पाहायला येईल तेव्हा मालकाने घरात थांबायचं नाही. मालक समोर असला की गिऱ्हाईक भिडेपोटी बोलत नाही, आणि भिंतीच्या पोपड्याकडे कोणी बोट दाखवलं की मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबतात. मालकांनी निमूट मान डोलावली होती. घर दाखवायला एक राखणदार ठेवतो, एवढंच म्हणाले होते. आतापर्यंत चार गिऱ्हाइकं या राखणदाराने वाटेला लावली होती.

घर विकायला निघालं होतं ते धाकट्या भावामुळे. त्याला आपली अर्धी वाटणी हवी होती आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण आठ वर्षांपूर्वी मालकांचा मुलगा भांडून गेला, तो याच दारातून. त्याला ठाऊक असलेला पत्ता हा एवढाच. उद्या तो परतला आणि दार कोणा परक्याने उघडलं तर? या एका विचाराने मालकांची झोप उडाली होती.

गाडीतून तिशीची एक बाई उतरली. हातात वही, कानामागे पेन्सिल.

"मालक आहेत?"

"बाजारात गेलेत. मी राखणदार."

"बरं काका, तुम्हीच दाखवा. मुलगी मागे झोपलीय, ती उठायच्या आत पाहून घेते."

मालकांनी आधी ओल आलेली भिंत दाखवली. मग कुरकुरणारी फळी, मग बंद न होणारी खिडकी. बाई वहीत टिपून घेत होती, पण तोंड काही वाकडं होईना. जिन्याशी ती थांबली.

"मालक वरच झोपतात? या वयात? गुडघे कसे आहेत त्यांचे?"

"कुरकुरतात."

"पडलेत का कधी? एकटेच असतात ना?"

ही घर पाहायला आली होती की म्हातारा आणखी किती दिवस काढतो ते? त्यांनी जिन्याचा कठडा घट्ट धरला आणि तिला झटपट नदीवर नेलं.

"जाहिरातीत मासेमारी लिहिलंय," बाई म्हणाली.

"जाहिरातीत काय, काहीही लिहितात. वरच्या अंगाला कारखाना झाला. आता मासा औषधालाही सापडायचा नाही."

तेवढ्यात डोहात हातभर लांबीचं काहीतरी लखकन उसळलं आणि धप्पकन पाण्यात पडलं.

"बेडूक," मालक म्हणाले.

बाईने हसू दाबलं. "आणि त्या चपट्या दगडाखाली? तिथे म्हणे हमखास लागतात."

मालक दचकले. दगडाचा उल्लेख जाहिरातीत नव्हता. दलालाच्या तोंडात तीळ भिजत नाही हेच खरं. या बाईला सगळं पढवून पाठवलं होतं, आणि ती घर घेतल्याशिवाय जाणार नव्हती.

आता हुकमाचा एक्का काढणं भाग होतं. आधीची चारही गिऱ्हाइकं याच एक्क्याला पळाली होती.

"एक अडचण आहे, ताई. दलाल सांगायचा नाही. घर विकलं तरी मालक खालची खोली सोडणार नाहीत. मरेपर्यंत इथेच राहणार म्हणतात."

बाईची पेन्सिल थांबली. तिचा चेहरा एकदम उजळला.

"असं म्हणाले ते? मग राहू देत की!"

असलं गिऱ्हाईक मालकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काका, खरं सांगा," बाई जवळ येऊन हळूच म्हणाली. "माणूस म्हणून कसे आहेत ते? घरात लहान मूल खेळलं, तर चालेल त्यांना?"

घर हातचं चाललं होतं. मालकांनी मागचापुढचा विचार केला नाही.

"पोरं? नाव काढू नका! पोराचा आवाज आला की काठी घेऊन धावतात. एक नंबरचे खडूस. पोटच्या पोराला हाकलून दिलं, आता अजून कोणाला जवळ करणार? तो पुन्हा दारात आला तर तंगडं तोडीन म्हणतात."

"अजूनही असंच म्हणतात?"

"कालच म्हणाले."

बोलताना त्यांची जीभ जड झाली होती, पण ते बोलले. बाईने वही मिटली. ती तडक फाटकाकडे निघाली. "येते, काका," म्हणाली तेव्हा तिने मान वळवलेली होती. गाडी वळणाआड गेली आणि मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाचवं गिऱ्हाईक गेलं. घर वाचलं. त्यांनी काठ्या बाहेर काढल्या, चहा टाकला, दोन कप प्यायले.

दुपारी दलालाचा फोन आला.

"बाई नको म्हणाल्या, मालक."

"अरेरे," मालक साळसूदपणे म्हणाले. "घर पसंत पडलं नाही वाटतं?"

"घर जाम आवडलं होतं हो. तुमच्या भावाची वाटणी चुकती करणार होत्या आणि तुम्हाला इथून हलवायचं नाही, ही त्यांचीच अट होती. आधी स्वतः येऊन अंदाज घेते, तोवर बोलू नका म्हणाल्या, म्हणून मी गप्प. तुमच्या त्या राखणदाराने काय सांगितलं देव जाणे, फोनवर नुसत्या रडत होत्या. आता लपवून तरी काय करू, मालक? तुमची सून होती ती. नातीला आजोबा दाखवायला आणलं होतं."