उना कुठून बोलली

दुकानाने होबार्टच्या आमच्या घरी पॅनेल स्पीकरच्या दोन जोड्या ऐकून निवडायला पाठवल्या होत्या, दाराएवढ्या उंच आणि पातळ. मी दोन्हींवर माझ्या दिवंगत बायकोचं, उनाचं, याच खोलीत रेकॉर्ड केलेलं चेलोवादन लावलं.

पहिलीवर चेलो सुरेख वाजला. दुसरीवर तिचा श्वासही ऐकू आला.

"बाबा, हीच घ्या," लेक टॅम्झिन डोळे पुसत म्हणाली.

वादन संपल्यावर उनाचा आवाज आला. "लॅकी, खिडकी लाव ना. गार वारा येतोय."

सवयीने मी म्हणालो, "लावलीय गं."

"पडद्यामागची राहिलीय."

टॅम्झिनने पडदा सरकवला. खिडकी उघडीच होती. मी ती लावली.

"आता बरं वाटतंय," उना म्हणाली, पण या वेळी पहिल्या जोडीतून. तिच्या वायरी मी मघाशीच काढल्या होत्या.