तिसरा चौकोन

पत्रात एकच गोष्ट विचारली होती. तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, येणार की नाही ते महिन्याभरात कळवा. मास्तरांनी ते कळवलं नाही. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. पत्र अजून लॉगरिदमच्या तक्त्यांच्या पुस्तकात होतं, कारण ते पुस्तक आता कुणी उघडत नाही. कुणी विचारलंच तर मास्तर सांगत, आईनं जाऊ दिलं नाही.

आज टेबलावर त्याच परदेशी विद्यापीठाचा कागद होता. माथ्यावर तेच चिन्ह, तीच निळी शाई. फक्त नाव खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या मुलीचं.

शिफारस करणाऱ्यानं कागद भरायचा, पाकिटात घालून चिकटवायचा, चिकटवलेल्या कडेवर आडवी सही करायची. पाकीट विद्यार्थ्याच्या हाती दिलं तरी चालतं, थेट पाठवलं तरी चालतं. विद्यार्थ्यानं मात्र ते उघडायचं नाही. कागदाच्या शेवटी चार चौकोन होते. साधारण. बरी. चांगली. आणि चौथा, मी आजवर शिकवलेल्यांत सर्वांत चांगली.

मास्तरांचा असाच कागद त्यांच्या सरांनी भरला होता. भरता भरता ते म्हणाले होते, तिसऱ्यावर खूण केली की तू घरीच राहिलास म्हणून समज. तिथं चांगला म्हणजे नको. मग त्यांनी चौथ्या चौकोनावर ठसठशीत खूण केली होती. ते सर स्वतः कधी कुठं गेले नव्हते.

मास्तरांनी तिसऱ्यावर खूण केली.

यात खोटं काय आहे, त्यांनी स्वतःला विचारलं. पोरगी चांगली आहे, चांगली असंच लिहिलं. पण गेल्याच महिन्यात, ज्या गणितानं मास्तरांना तीन दिवस झुलवलं होतं, ते तिनं बापाच्या मापांच्या वहीत, कुणाच्या तरी छाती-कंबरेच्या आकड्यांखाली, चहा निवेपर्यंत सोडवून दाखवलं होतं. मास्तर 'वा' म्हणाले होते आणि त्यांच्या पोटात दुखलं होतं. ते अजून दुखत होतं. त्यांनी पाकीट चिकटवलं आणि कडेवर सही केली.

मुलगी जिना दणाणत वर आली. अंगात जाड काळा कोट, एका बाहीचा. कच्च्या टाक्यांचा पांढरा दोरा जागोजागी दिसत होता. उकाड्यानं ती घामाघूम झाली होती. बाबांनी विचारलंय, म्हणाली, तिकडच्या थंडीला गुडघ्यापर्यंत पुरेल की आणखी खाली घेऊ? सरांचं वाचन दांडगं, सरांना माहीत असेल.

मास्तरांना माहीत नव्हतं. पुरेल, ते म्हणाले.

त्यांची थोरली बहीण दाराशी पाय पसरून शेंगा सोलत होती. तिनं कोट वरपासून खालपर्यंत पाहिला. तिकडून अजून ना होकार ना नकार, आणि हिचा बाप गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय, ती म्हणाली.

मुलगी हसली. नाही आलं बोलावणं तर उसवून दोन जाकिटं करू, असं बाबांचं ठरलंय. "पण मुद्दामच आधी शिवायला घेतलाय, आत्या. ऐन वेळी माझी गाळण उडाली, तर बाबांनी जाऊ दिलं नाही असं मला सांगता येणार नाही ना. सरांना तर खरंच आईनं अडवलं होतं. माझं तसं काही नाही."

बहिणीचे हात थांबले.

"अडवलं? आईला यानं विचारलं कुठं होतं? असं पत्र आलं होतं हे तिला कळलं पुढच्या वर्षी."

मुलीनं न ऐकल्यासारखं केलं. समजूतदार होती. टेबलावरचं पाकीट उचलून तिनं कोटाच्या आतल्या खिशात सरकवलं. ते तंतोतंत बसलं. बापानं खिसा पाकिटाचं माप घेऊन शिवला होता.

"ते दे इकडे," मास्तर म्हणाले. "तारीख घालायची राहिली."

"पण वर सही झालीय, सर. फाडावं लागेल."

"फाडू. मीच पोस्टात टाकतो."

ती खाली गेल्यावर त्यांनी पाकीट फाडलं. जास्तीचं पाकीट तिनं पहिल्याच दिवशी आणून ठेवलं होतं, कागद मात्र एकच होता. त्यांनी तिसऱ्या चौकोनावर काट मारली, चौथ्यावर खूण केली. खाडाखोडीशेजारी सही हवी, ती केली. तेवढ्यानं भागेना. खोडलेलं बघून वाचणारा शंका घेईल. बराच वेळ पेन हातात धरून मग त्यांनी खाली एक ओळ लिहिली. आधीची खूण तिच्याविषयी नव्हती, माझ्याविषयी होती.

चपला घालताना बहीण पाठीमागून म्हणाली, निघालास एकदाचा.

शिंपी दुकानात मशीनवर वाकला होता. सुईखाली दुसरी बाही होती. मास्तरांना पाहून त्यानं पाय न थांबवता हात वर केला. मास्तरांनीही केला. आपल्यासाठी कुणी कधी कोट शिवायला घेतला नाही, हे त्यांच्या मनात आलंच. मग कुणाला सांगितलं तरी कुठं होतं, हेही आलं. पोटातलं दुखणं कमी झालं नव्हतं.

पोस्टात खिडकीवरच्या कारकुनानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. साधं पाठवायचं की जलद?

"जलद," मास्तर म्हणाले. "फार उशीर झालाय."

कारकुनानं पाकिटावर छापलेली शेवटची तारीख वाचली.

"कसला उशीर, काका? अजून वीस दिवस आहेत." आणि त्यानं शिक्का मारला.