सगळ्यात जड टेबल

“याहून जड नाही?” मी दुकानातल्या अरुंद कन्सोल टेबलाला कमरेनं रेटलं. ते सरकलं.

“मावशी, लोक हलकंच मागतात,” सेल्समन हसत म्हणाला. “वर फुलदाणीच तर ठेवायची असते.”

“मला दार अडवायचंय.” मी शेजारी उभ्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. “यांना काही आठवत नाही. मी झोपले की निघून जातात. परवा हायवेवर अनवाणी सापडले. कुलूप लावलं तर बिजागऱ्याच काढतात. जन्मभर सुतारकी केलीय ना.”

सेल्समन हसायचा थांबला. आतून दोन माणसांनी धापा टाकत शिसवी टेबल आणलं. मी अंगातला सगळा जोर लावला, पण ते हललं नाही. आज झोपता येईल, एवढंच डोक्यात आलं. “हेच द्या.”

यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. मग एक कोपरा जरासा उचलून पुढे टाकला, मग दुसरा. दोघांनी आणलेलं टेबल एकट्या माणसामागे चालत दुकानाच्या दारापर्यंत गेलं.

“जड सामान उचलायचं नसतं, वेडे,” ते मला समजावत म्हणाले. “असं पावलापावलानं न्यायचं.”

सहा महिन्यांत ते पहिल्यांदाच सलग एवढं बोलले. मला आनंद झाला नाही.