दहा मिनिटांची दोरी

नऊ वाजून पाच मिनिटांनी मास्तरांनी मुख्य राउटरला बजावून ठेवलं: दहा मिनिटांत मी नको म्हटलं नाही, तर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू हो. ही त्यांची जुनी सवय. बदल चुकला आणि आपणच बाहेर अडकलो, तर यंत्र आपोआप पूर्ववत होतं. विहिरीत उतरण्याआधी कमरेला दोरी बांधावी, तसं.

शेअर दलालीच्या त्या कंपनीचं नेटवर्क त्यांनी बावीस वर्षं सांभाळलं होतं. त्यांच्या हातून ते एकदाही बंद पडलं नव्हतं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. तरी आज प्रत्येक आकडा ते दोनदा तपासत होते. कपातीची यादी आली होती म्हणे. सकाळी बायको म्हणाली होती, "तोंड असं का केलंय? तुम्हाला काढलं तर त्यांचं दुकान कोण चालवणार?"

सौदे सव्वानऊला सुरू होत. त्याआधी रखडणारी लाईन दुसरीकडे वळवायची होती. मास्तरांनी श्वास रोखून बटण दाबलं. लाईन वळली. पडद्यावर सगळं हिरवं झालं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"मास्तर, जरा केबिनमध्ये या. आत्ताच," मॅनेजर बाई म्हणाल्या.

ते तसेच उठले.

केबिनमध्ये बाईंच्या शेजारी एचआरचा माणूस होता आणि दाराशी सुरक्षारक्षक. मास्तर काय समजायचं ते समजले.

"आजपासूनच," बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या. "नियमाप्रमाणे आता जागेवर जाता येणार नाही. तुमचा पासवर्ड बंद केलाय. सामान घरी पोचवू."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पन्नाशी उलटलेली. त्यात या धंद्यात आधीच्या कंपनीचं चांगलं पत्र नसेल, तर कुणी दारातही उभं करत नाही.

"पत्र तरी नीट द्याल ना?"

"म्हणजे काय! बावीस वर्षांत तुमच्या नावावर साधा ओरखडा नाही. संध्याकाळी पाठवते."

एचआरच्या माणसाने कागद पुढे सरकवला. "हातातलं काही काम अर्धवट?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे फक्त बायकोचा चेहरा होता. त्यांनी "काही नाही" लिहिलं आणि सही ठोकली.

रक्षक त्यांना लिफ्टने खाली घेऊन आला.

"हिंमत सोडू नका, मास्तर. तुमच्यासारख्याला कुठेही काम मिळेल."

त्यांना जरा धीर आला. नोकरी गेली, पण नाव तरी राहिलं. घरी तोंड दाखवता येईल.

दरवाजाजवळच्या मोठ्या पडद्यावर शेअरचे कालचे भाव सरकत होते. मास्तर सवयीने थांबले. घड्याळात सव्वानऊ झाले.

पडदा काळा पडला.

मास्तरांची बोटं हवेतच कीबोर्ड शोधू लागली. दहा मिनिटं संपली होती, आणि राउटरला 'नको' म्हणायचं राहूनच गेलं होतं. रक्षकाच्या वॉकीटॉकीतून बाईंचा आवाज फुटला, "मास्तरांना धरून ठेवा! जाता जाता सगळं बंद पाडून गेलेत ते!"